तुतीखालचा हात

७ नोव्हेंबर

शोईरा ओपाने ही वही दिली तेव्हा बजावून सांगितलं, "सनोबर, रोज लिहायचं. मातीच्या शिट्ट्या कशा करता, अगदी बारीकसारीक. त्यातून आपण छोटी पुस्तिका काढू." ती शहरात संस्कृती भवनात काम करते. वयाने माझ्याएवढीच, पण खुर्चीमुळे सगळ्यांची ओपा, म्हणजे ताई. तिथे तिला चहासुद्धा कुणीतरी आणून देतं, त्यामुळे तिला वाटतं की सगळ्याच बायकांना रोज लिहायला सवड असते. मी ठरवलंय, सकाळी नानचं पीठ मळून झाकून ठेवायचं आणि ते फुगेपर्यंत लिहायचं. फुगलं की वही बंद.

तर शिट्ट्या. आमच्या गावात त्या फक्त बायका करतात. कालव्याच्या काठची माती घ्यायची, तिच्यात पाणकणसाचा कापूस मिसळायचा आणि मळत राहायचं. मग घोडा, मेंढा, पक्षी, जे हातातून येईल ते. फुंकायचं शेपटीतून. डाळिंबाची काडी चपटी तासून त्या काडीने शेपटीत चीर पाडायची, पोटाला भोक करायचं. वाळली की तंदूरमध्ये, नान भाजून झाल्यावर, कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या आगीत भाजायची. रंग शेवटी, अंड्याच्या बलकात कालवून.

पण त्याआधी शिट्टी ऐकायची असते. शहरातले लोक हे कधी विचारत नाहीत, म्हणून नीट लिहिते. शिट्टी ओली असतानाच ऐकायची. आणि करणारीने स्वतःच्या कानावर भरवसा ठेवायचा नाही, कारण तोंडापाशी सगळ्याच शिट्ट्या वाजतात. म्हणून घरातली दुसरी बाई अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहते, आमच्याकडे तुतीच्या झाडाखाली. आवाज तिच्यापर्यंत पोचला तर ती हात वर करते. नाही पोचला तर मान हलवते आणि म्हणते, "नाही आला." की लगेच शिट्टी मुठीत चुरडायची, माती परत गोळ्यात. वाद घालायचा नाही.

एकवीस वर्षं तुतीखाली अया उभी राहत आलीय. अया म्हणजे माझी सासू. पहिल्या हिवाळ्यात तिने माझी एकही शिट्टी पास केली नाही. मी ओल्या मातीत हात घालून रडायला लागले तर तिथूनच ओरडली, "रड, केलीन, रड. पण चुरडता चुरडता रड." इतकी वर्षं झाली तरी मी केलीनच, म्हणजे सूनबाई. मी तिला समोर तुम्ही म्हणते. वहीत मात्र आपोआप 'ती' लिहिलं जातंय. नवऱ्याचं नावही तोंडाने कधी घेतलं नाही, पण इथे लिहिते. उक्तम. लिहिताना उगाच हसू आलं.

पीठ फुगलं.

११ नोव्हेंबर

मोठी बातमी. नवरोजच्या दिवशी शहराच्या मैदानात सहाशे शाळकरी मुलं एकदम शिट्ट्या फुंकणार आहेत, जमिनीला जागं करायला, जुन्या चालीप्रमाणे. सहाशे पक्षी. सगळे माझ्याकडून. फलकावर माझं नाव लिहिणार आहेत.

उक्तम म्हणाला, "म्हणजे मार्चपर्यंत आम्ही नानऐवजी पक्षी खायचे."

"तुम्हाला मेंढा करून देईन," मी म्हटलं.

अया कापूस पिंजत बसली होती. तिने विचारलं, "नाव कुणाचं लिहिणार म्हणालीस?"

"माझं, अया. ओपानेच ठरवलं."

"लिहू दे," ती म्हणाली. "चांगलं दिसेल."

बस, एवढंच. मला ते लागलं. काम तिने शिकवलं हे मला माहीत आहे, पण फलकावर दोन नावं मावत नाहीत हे काय मी ठरवलं? ओपाला विचारलं नाही हे खरं. विचारायला हवं होतं का? आता मागे जाऊन विचारणं विचित्र दिसेल.

१४ नोव्हेंबर

भिंतीपलीकडची मुकद्दस गाजरं किसायला आली होती. घरात पाऊल टाकलं की आधी सासूचं गाऱ्हाणं. "ओरडून ओरडून माझा घसा गेला गं. काल म्हटलं मीठ द्या, तर उठून कोंबड्या कोंडून आल्या."

मी म्हटलं, "मग उद्या कोंबड्या कोंडा म्हण, मीठ मिळेल."

मुकद्दस इतकी हसली की तिच्या हातातलं गाजर पडलं. मला चेव आला. "ऐकू न येणाऱ्या बाईचं घरात काम तरी काय उरतं? नान मोडायला तेवढं एक तोंड. ओट्यावर नेऊन बसव, चिमण्या तरी घाबरतील."

आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. अयासुद्धा हसली, जरा उशिरा. बऱ्याच दिवसांनी घरात असं हसणं झालं. हे पुस्तिकेत घालता येणार नाही, पण लिहून ठेवावंसं वाटलं.

२ डिसेंबर

दिवसाला आठ पक्षी होतात. या वेगाने सहाशे होणार नाहीत. डाळिंबाची काडी फार वेळ खाते. ती सारखी ओली करा, पुसा, मग अलगद आत सरकवा. उक्तमच्या मोडक्या करवतीची पाती मी तोडून घासून घेतली. एका दाबात स्वच्छ चीर. आज अठरा झाले.

अयाने पाती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "काडी आत जाताना थोडी वर चढते, केलीन. ही सरळ जाते. वाऱ्याला चढण लागते."

"अया, तुम्ही ऐका ना. नाही आला तर चुरडीन."

ती तुतीखाली गेली. थंडी होती, तिने चापान, आमचा जाड झगा, कानांवरून ओढून घेतला होता. मी एकामागून एक अठरा पक्षी फुंकले. अठरा वेळा हात वर गेला.

मी पाती धुऊन पुसून ठेवली. नुसती जिंकल्यासारखी.

१९ डिसेंबर

दोनशे दहा. गेल्या सतरा दिवसांत अयाने एकही शिट्टी परत पाठवली नाही. एकही! पूर्वी दहातल्या तीन तरी जायच्या. मी उक्तमला म्हटलं, "तुमची आई मऊ पडली."

"आई? मऊ?" तो म्हणाला. "माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून मी बूट कुठे काढतो ते बघते."

एक गोष्ट मात्र लिहून ठेवते. कालचे दोन पक्षी फुंकताना मला वाटलं होतं, आवाज जरा पोकळ आहे. कडेने वारा गळतोय. मी पुढचा पक्षी उचलायच्या आधी थांबले, तुतीकडे पाहिलं. हात वर गेला होता. हात वर गेल्यावर वाद घालायचा नाही, हाही नियमच आहे.

८ जानेवारी

अयाने पुन्हा किटली जाळली. शिट्टीची किटली! तिच्यापासून दोन हातांवर बसून मोजा विणत होती आणि किटली लाल होऊन वास सुटला होता. मी धावत जाऊन उतरवली तेव्हा तिने दचकून वर पाहिलं. मी ती आदळलीच जरा.

आणि स्वतःचे पक्षी करते ते बघवत नाहीत. आमच्याकडे पक्षी मुठीत मावेल एवढा करतात. तिचे दिवसागणिक फुगत चाललेत. आज केला तो म्हणजे कोंबडी. आवाजही तसाच, बारीक शीळ नाही, घूं करून घुमतो. मुकद्दस अयाला म्हणाली, "मोमो, याला पंख कशाला, याला चार पाय लावा." अया म्हणाली, "मला असाच आवडतो." माती किती जाते! मी तिच्या पक्ष्यांची वेगळी टोपली केलीय. शेवटी खोक्यांच्या तळाला घालीन, आकडा तरी भरेल.

२६ जानेवारी

मागून हाक मारली तर उत्तर देत नाही. समोर गेलं की गोड बोलते. फलकाचं प्रकरण अजून मनातून गेलेलं नाही, दुसरं काय.

उक्तमला सांगितलं. तो म्हणाला, "आई थकलीय." मग थोड्या वेळाने, "तू तिला काही बोललीस का?"

मी काय बोलणार? उलट मीच जपून वागते.

१५ फेब्रुवारी

भट्ट्या संपल्या. पांढऱ्यावर लाल आणि निळे पट्टे, छातीवर ठिपके. सहाशे पक्षी ओट्यावर ओळीने मांडले तेव्हा मी दार उघडून पुन्हा पुन्हा पाहून आले. आयुष्यात इतकं सुंदर काही केलं नव्हतं.

अया म्हणाली, "डोळे मी काढू का?"

मी ब्रश दिला. चार दिवस बसून तिने सहाशे पक्ष्यांना डोळे काढले. तिचा हात अजून कापत नाही. डोळा काढून झाला की ती पक्षी हनुवटीला टेकवून हलकेच फुंकायची, मग कानामागच्या हाडाला धरून नखाने वाजवायची. मी म्हटलं, "रंग पुसला जाईल, अया." तिने ते बंद केलं.

ओपाची माणसं खोकी न्यायला आली. त्यांनी ओट्यावरच दोनतीन फुंकून पाहिले. "छान वाजतात," म्हणाले.

तोंडापाशी.

(हा शेवटचा शब्द मी आज, एप्रिलमध्ये लिहिला. तेव्हा लिहिला नव्हता.)

२२ मार्च

काल नवरोज.

मैदान भरलेलं. फलकावर माझं नाव, माझ्या हातांपेक्षा मोठ्या अक्षरांत. अया, उक्तम, मुकद्दस, सगळे पुढच्या रांगेत. मी ओपाच्या शेजारी, नव्या अडरस कापडाच्या झग्यात. मुलांनी पक्षी ओठांना लावले. ओपाने रुमाल खाली केला.

आणि सहाशे मुलांनी एकदम फुंकलं.

सुस्कारा. एवढाच आवाज आला. वाळलेल्या वेताच्या बनातून वारा जावा तसा. मुलांचे गाल फुगलेले, डोळे मोठे झालेले, आणि मैदानावर नुसता सुस्कारा. त्यातून कुठूनतरी पाचदहा ठिकाणी खालच्या सुरात घुमलं. घूं, घूं. ते अयाचे होते, तळाला घातलेले.

मुलं हसायला लागली. एक बाई म्हणाली, "जमीन जागी व्हायची कसली, कूस बदलून झोपली." ओपाने ढोलवाल्यांना खूण केली. ढोल वाजले, सगळं झाकलं गेलं.  ओपाने माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

घरी सुमलक, नवरोजची गव्हाच्या कोंबांची खीर, ढवळायला बायका जमल्या होत्या. मी थांबायला हवं होतं. आत जाऊन तोंड धुवायला हवं होतं. मी कढईपाशी जाऊन सगळ्यांसमोर म्हटलं, "तुमचे तेवढे वाजले, अया. माझे सहाशेच्या सहाशे पास केलेत आणि वाजले ते तुमचे. फलकावर नाव नव्हतं म्हणून एवढं? मला सांगितलं असतंत तर मी स्वतः पुसून तुमचं लिहिलं असतं!"

अया माझ्या तोंडाकडे बघत होती. डोळे मिटत नव्हती. उलाथनं ढवळायचं थांबलं होतं.

ती म्हणाली, "खाली लागेल, केलीन," आणि पुन्हा ढवळायला लागली.

मुकद्दस मला ओढून आत घेऊन गेली.

५ एप्रिल

लिहावंसं वाटलं नाही. पुस्तिका निघणार नाही, तेव्हा कुणासाठी लिहायचं हाही प्रश्न आहे. तरी पीठ झाकलं की हात वहीकडे जातो.

थंडीत मातीखाली पुरून ठेवलेली डाळिंबाची झाडं यंदा फार उशिरा उघडली. अया आणि मी दोघीच होतो. दोन तास एका शब्दाशिवाय माती उपसली. झाडं मोकळी झाल्यावर अयाने त्यातली एक फांदी मोडली, ओट्यावर बसून चाकूने तासली, चपटी केली, अंगठ्याने धार पाहिली आणि माझ्या मातीच्या घमेल्यापाशी ठेवली. 

 मला वाटलं, आता लाज वाटतेय तिला.

१२ एप्रिल

आज जे केलं ते लिहिते.

सकाळी मी त्या काडीने एक पक्षी केला. मार्चनंतरचा पहिला. अयाला समोर जाऊन म्हटलं, "ऐकता का?" ती लगेच उठली. चापान नीट केला, तुतीखाली गेली. तुतीला कोवळी पानं आलीत. ती तिथे उभी राहिली, नेहमीसारखी, माझ्याकडे तोंड करून.

मी पक्षी ओठांना लावला. गाल फुगवले. फुंकलं नाही.

का, ते मला नीट सांगता येत नाही. मला तिला पकडायचं होतं. तिने मुद्दाम केलं हे माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. श्वास कोंडून, गाल फुगवून मी उभी राहिले. अंगणात इतकी शांतता होती की मुकद्दसच्या गाईचं रवंथ ऐकू येत होतं.

अयाने हात वर केला.

मला अजूनही समजलं नव्हतं. मी मनात म्हटलं, बघ, सापडली. आणि तोंडापासून पक्षी काढला. माझ्या चेहऱ्यावर काय होतं देव जाणे. तिने ते पाहिलं. तिचा हात तसाच वर राहिला, थोडा वेळ. मग तिने तो हात फांदीला लावला, जणू त्यासाठीच वर केला होता. फांदी खाली ओढली, एक पान तोडलं आणि ते बोटांत फिरवत घरात निघून गेली.

तेव्हा मला समजलं. किटली, हाका, हनुवटीला टेकवलेला पक्षी, सगळं एकदम. गाल. ती माझे गाल बघत होती. सबंध हिवाळा ती अंगणाच्या टोकाला, थंडीत, माझे गाल बघत उभी होती.

पीठ परातीच्या बाहेर फुगून सांडलं आज. 

१३ एप्रिल

वही पहिल्यापासून वाचली. १४ नोव्हेंबरचं पान वाचलं.

'अयासुद्धा हसली, जरा उशिरा.'

पान फाडायला धरलं होतं. फाडलं नाही.

त्या दिवशी ती माझ्यापासून चार हातांवर होती. बारीक शीळ तेव्हाच जायला लागली असेल, पण बोलणं? माझा आवाज मोठा आहे, हसताना तर फारच. एकवीस वर्षांत मी तिच्यासाठी देवाकडे बरंच काही मागितलं. आयुष्य, पायांत बळ, हजची यात्रा. आज पहिल्यांदाच असं मागितलं, की देवा, त्या दिवशी तिला काही ऐकू आलेलं नसू दे.

२० एप्रिल

उक्तमला सांगितलं. तो बूट हातात धरून बसला. मग म्हणाला, "मला वाटायचं, माझ्यावर रागावलीय." घरात तिघं माणसं, आणि आम्ही दोघं आपापल्या मनाने तिला रुसलेली समजत होतो.

मी तिच्यापाशी जाऊन बसले, अगदी जवळ, उजव्या बाजूला. म्हटलं, "अया, नवरोजला मी जे बोलले..."

तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "काय बोललीस? ढोल केवढे वाजत होते त्या दिवशी."

ढोल मैदानात होते. कढई आमच्या अंगणात. मी तसं म्हणू शकले असते. म्हटलं नाही. तिने मला एक दार उघडून दिलं आणि मी त्यातून बाहेर पडले, चोरासारखी. पुन्हा तो विषय काढायचं धैर्य अजून झालेलं नाही.

३० मे

शहरात कानांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं. त्यांनी यंत्र दिलं. अयाने दोन दिवस लावलं. तिसऱ्या दिवशी सुयांच्या डबीत ठेवून दिलं. "सगळं एकदम बोलतं. भांडी, कोंबड्या, तुम्ही. यात माझं कोणतं ते मला कळत नाही."

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आधी वरचे सूर जातात, बारीक आवाज. खालचे, जाड सूर मागे राहतात, काही महिने, कधी वर्षभर. मग तेही.

परतताना गाडीत मला तिची ती कोंबडीएवढी पाखरं आठवली. 'मला असाच आवडतो.' ती ऐकू येईल असा पक्षी शोधत होती. दर आठवड्याला जरा मोठा, अजून जरा मोठा. आणि मी माती मोजत होते.

१७ ऑगस्ट

ओपाचा निरोप आला, पुढच्या नवरोजला थोड्या शिट्ट्या देशील का, पन्नास-साठ, नीट वाजणाऱ्या. तिने माफ केलंय असं दिसतं. मी हो म्हटलं. फलक नको म्हटलं.

ऐकायला मुकद्दस येते. तुतीखाली उभी राहून शेंगदाणे खाते आणि "आला! आला! हा नाही आला, हा तुझ्या नवऱ्यासारखा पुटपुटतो," असं ओरडते. कान तिचे चांगले आहेत. दहातले तीन परत पाठवते.

ती येते तेव्हा अया आतल्या खोलीत जाते. एप्रिलपासून ती तुतीकडे फिरकलेली नाही. पिकलेली तुतं वेचायलासुद्धा नाही. यंदा सगळी जमिनीवर पडून काळी झाली.

३ नोव्हेंबर

गेले दोन महिने मी बोलवेन बोलवेन म्हणत होते. कधी माती नीट नव्हती, कधी धीर नव्हता. खरं तर भीती होती, ती येणार नाही याची.

काल माती मनासारखी जमली. मी एक पक्षी केला. छोटा नाही. तिच्या टोपलीतला एक समोर ठेवून, त्याच्याहूनही मोठा, पोट खोल, भिंती जाड. चीर डाळिंबाच्या काडीने, हळूहळू, काडीला वर चढू देत. मग तो दोन्ही हातांत धरून आत गेले, तिच्यासमोर बसले, तिला माझे ओठ दिसतील असं सावकाश म्हटलं, "अया, ऐकता का?"

"माझं काय काम तिथे," ती म्हणाली. "मुकद्दसला बोलव."

"मुकद्दसचा कान शिकाऊ आहे. मला तुमचा हवा."

ती पक्ष्याकडे बघत राहिली. त्याला हात लावला, पोट चाचपलं. "केवढा केलास गं," म्हणाली. "मेंढाच."

"मला असाच आवडतो."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीला धरून उठली.

तुतीची पानं गळून गेली होती. ती सावकाश गेली, झाडाला पाठ लावून उभी राहिली. आणि एक गोष्ट केली, जी तिने इतक्या वर्षांत कधी केली नव्हती. डोळे मिटून घेतले.

मी छाती भरून घेतली आणि फुंकलं.

असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो शेपटीतून निघालाच नाही, जमिनीतून आला. माझ्या दातांत, कोपरांत, पायाखाली घुमला. छपरावरची कबुतरं उडाली. भिंतीपलीकडून मुकद्दस ओरडली, "सनोबर! कुणाचा गं हा पक्षी? माझ्या चहाच्या पेल्यात आला!"

मी तुतीकडे बघत होते. हात वर जाईल. जाऊ दे. खोटा का असेना, जाऊ दे. मी मनात एवढंच म्हणत होते, आणि श्वास संपेपर्यंत फुंकत राहिले.

अया डोळे मिटून उभी होती, मान थोडी कललेली, अजून येईल म्हणून वाट बघत असल्यासारखी. जानेवारीत हा तिच्यापर्यंत पोचला असता. एप्रिलमध्येही पोचला असता, मी तेव्हा गाल फुगवायच्या ऐवजी विचारलं असतं तर. कदाचित ऑगस्टमध्येसुद्धा.

तिने डोळे उघडले. माझ्या गालांकडे पाहिलं नाही, सरळ डोळ्यांत पाहिलं. आणि मान हलवली.

"नाही आला, केलीन."

वाद घालायचा नाही. मी मूठ आवळली. ओली माती बोटांच्या फटींतून बाहेर आली. एवढा चांगला पक्षी मी आजवर केला नव्हता.